मालदीवचं मॉडेल करताय? मधे डोंगर लावू नका

शाळेतून "मालदीवचं मॉडेल आणा" असं आलं की बहुतेक घरांत निळ्या पुठ्ठ्यावर मधोमध हिरवा डोंगर आणि त्यावर दोन नारळाची झाडं उभी राहतात, आमच्याकडेही पहिल्यांदा तेच केलं होतं. पण तिथे डोंगरच नाहीये हो, जमीन समुद्रापासून सरासरी दीड मीटर वर, आपल्या चाळीतली खोली याहून उंच असते.

आधी एक ठरवा, अख्खा देश करायचा नाही. 26 ॲटॉल (प्रवाळाच्या कंकणावरच्या बेटांचे गट), बाराशेच्या आसपास बेटं, उत्तर-दक्षिण 870 किलोमीटर पसरलेली, आणि एकूण जमीन फक्त 300 चौ. किमी, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्मीच, सगळं केलंत तर नुसते ठिपके दिसतील. एकच ॲटॉल घ्या. (हा शब्दच तिकडच्या दिवेही भाषेतला आहे.)

आता तळ. इथे एक काळा खडक हवाच, कुठे काम चालू असेल तिथली मूठभर खडी विचारून आणा. कारण भूगर्भशास्त्रज्ञ मानतात की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या हॉटस्पॉटने (पृथ्वीच्या पोटातून तप्त रस वर येतो ती जागा) आपला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट खडक ओतला, त्याच्यावरून भारताची प्लेट, म्हणजे भूकवचाचा तुकडा, उत्तरेला सरकत गेली आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी ज्वालामुखींची रांग उमटत गेली, म्हणजे ही खडी नात्यातलीच! नंतर ते ज्वालामुखी हळूहळू खचले, भोवतीचं प्रवाळ मात्र उन्हासाठी वर वर वाढत राहिलं, डोंगर गेला आणि कंकण उरलं. डार्विनने हे 1842 मधेच मांडलं होतं.

म्हणून खडीवर कागदाचा लगदा आणि फेविकॉल मिसळून जाड कडं करा, मधे खोलगट लगून, म्हणजे कड्याच्या आतलं पाणी. पुढची बाजू सुरीने सरळ कापा म्हणजे आतला काळा दगड दिसेल, मार्क तिथेच मिळतात. कड्याला तीन-चार ठिकाणी खाचा पाडा, त्यांना तिकडे कंडू म्हणतात, भरती-ओहोटीचं पाणी तिथूनच आत-बाहेर करतं. बेटं मुख्यतः कड्यावर, फेविकॉलवर रवा भुरभुरवून. वाळूही प्रवाळाचा चुराच असते, पोपटमासा चावून चावून बरीचशी करतो.

स्केलच्या नादी लागू नका, 30 किलोमीटरचं ॲटॉल 60 सेंटिमीटरमधे बसवलं तर बेटाची उंची कागदाच्या जाडीहून कमी येते, त्यामुळे उंची वाढवा आणि तसं बाजूला लिहा.

रंग बाहेर गडद निळा, आत फिरोजी, ब्रशनेच. लगद्याऐवजी थर्माकोल वापरलंत तर त्यावर स्प्रे मारू नका, आमचं अख्खं लगून वितळून बसलं होतं रात्री साडेअकराला. पावसाळ्यात लगदा सुकायला तीन दिवस धरा, आणि सकाळी साडेसातच्या लोकलमधे घेऊन चढू नका.