ट्रॅव्हल्सच्या ऑफिसचा बोर्ड: गिऱ्हाईक पायरी चढेल असा दर्शनी भाग कसा करावा

साताऱ्यात मोती चौकात कंदी पेढ्यांच्या दुकानासमोर उभं राहिलं की माल काचेतूनच दिसतो. एक पेढा चाखायचा, पटला तर अर्धा किलो बांधून घ्यायचा. ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात असं चाखायला काही नसतं. माणूस आज पैसे भरतो आणि प्रवास दोन-तीन महिन्यांनी होतो. तोवर हातात असते फक्त पावती. त्यामुळे पायरी चढण्याआधी त्याच्या मनात दोनच गोष्टी घोळत असतात: इथं माझं काम होईल का, आणि पैसे बुडणार तर नाहीत? याची उत्तरं बाहेरून मिळाली नाहीत तर तो पुढे निघून जातो.

मी बोर्ड बनवतो. राजपथावर, म्हणजे आपल्या वरच्या रस्त्यावर, आणि खालच्या रस्त्यावरही अशी बरीच कामं केली आहेत. आता कुठल्याही ट्रॅव्हल्सचं काम हाती घेतलं की मी असा जातो.

आधी रस्त्यापलीकडे उभे राहा

आपलं ऑफिस आपण रोज आतून बघतो. एकदा समोरच्या फुटपाथवरून बघा, सकाळी एकदा आणि संध्याकाळी सातला एकदा. मोबाइलवर फोटो काढा आणि तो नखाएवढा होईपर्यंत लहान करा. एवढ्या आकारातही काय वाचता येतं? बहुतेक वेळा विमानाचं चित्र आणि फोन नंबर दिसतो, नाव मात्र हरवलेलं असतं. गाडीवरून पोवई नाक्याकडे निघालेल्या माणसाला तुमचा बोर्ड असाच दिसतो.

काय विकता ते ठरवा

पुण्या-मुंबईच्या बसची तिकिटं, भाड्याची गाडी, पासपोर्टचे फॉर्म, झेरॉक्स, यात्रा, परदेश सहली असं सगळं एका बोर्डावर कोंबलेलं मी पाहिलंय. झेरॉक्सच्या बाजूला दुबई लिहिली की दुबईला जाणारा बिचकतो. ज्या कामावर घर चालतं ते मोठ्या अक्षरात लिहा आणि बाकीची यादी आत भिंतीवर लावा.

गिऱ्हाईक कुठलं, हेही इथंच ठरतं. पावसाळा सरता सरता कासची फुलं बघायला बाहेरगावची माणसं येतात. त्यांना गाडी, ठोसेघर, सज्जनगड हे शब्द दिसले पाहिजेत. सातारकराला मात्र साताऱ्याबाहेर जायचं असतं. त्याच्यासाठी काशी, केरळ, अष्टविनायक असं स्पष्ट लिहा.

अक्षरं

दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर, हा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब. रस्ता ओलांडून चाळीस फुटांवरून वाचायचं असेल तर किमान चार इंच. मी नावाला सहाच्या खाली जात नाही. देवनागरीला वरून वेलांटी-मात्रा आणि खालून उकार असतात, तेव्हा पट्टीत वर-खाली मोकळी जागा सोडा. जागा वाचवायला अक्षरं आडवी दाबली की जोडाक्षरांचा गोळा होतो.

मराठीचा कायदाही लक्षात ठेवा. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान-मोठ्या सगळ्याच दुकानांचा नामफलक मराठीत, देवनागरीत हवा. दुसरी भाषा चालते, पण मराठी आधी हवं आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. जीएसटीची नोंदणी असेल तर प्रवेशाजवळच्या नामफलकावर जीएसटी क्रमांक असणंही नियमात आहे. बरेच जण तो कोपऱ्यात बारीक लिहितात. मी म्हणतो, दिसेल असा लिहा. पैसे भरायला आलेला माणूस तो वाचतो, त्याला धीर येतो.

काच झाकू नका

इथं माझी स्वतःची चूक सांगतो. एका ऑफिसची पूर्ण काच मी समुद्र आणि बर्फाच्या डोंगरांच्या स्टिकरने मढवली होती. दिसायला झकास. आठवड्याने समोरच्या टपरीवर चहा घेत होतो, तर एक आजी-आजोबा त्या काचेपुढे थांबले. आजोबांनी डोळ्यांवर हाताची झापड धरून आत काही दिसतंय का ते पाहिलं. आजी म्हणाल्या, "बंद दिसतंय, चला." आत दिवे चालू होते, दोन मुली बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कमरेपासून डोक्यापर्यंतचं स्टिकर मी उतरवलं. टेबल, खुर्ची आणि हसून बघणारं माणूस रस्त्यावरून दिसणं, यापेक्षा चांगली जाहिरात मला अजून सापडलेली नाही.

मोकळ्या काचेवर डोळ्यांच्या उंचीला एकच पाटी लावा, पुढच्या सहलीची. निघण्याची तारीख, किती रात्री, माणशी किती रुपये, त्यात जेवण-राहणं धरलंय का. दर सोमवारी ती बदला. भाऊबीजेला केदारनाथचे दरवाजे बंद होतात. डिसेंबरातही चारधामचं पोस्टर लटकत असेल तर बघणाऱ्याला वाटतं, इथं कुणाचं लक्ष नाही. तसंच निळ्या पडलेल्या पोस्टरांचं. उन्हात लाल-पिवळा रंग आधी उडतो, मग अख्खी काशी निळी दिसते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानात ती लवकर बदलावी लागतात.

चित्रं इंटरनेटवरून उचलू नका. तुमच्याबरोबर गेलेल्या साताऱ्यातल्या माणसांचा, त्यांना विचारून घेतलेला एक फोटो पुरे. बघणारा म्हणतो, "अरे, हे तर आपल्या गल्लीतले काका."

नाव सगळीकडे एकच

बोर्डावर एक नाव, पावतीवर दुसरं आणि क्यूआर कोड स्कॅन केला की मोबाइलवर तिसऱ्याच कुणाचं तरी, असं असलं की गिऱ्हाईकाचा अंगठा तिथंच थांबतो. बँकेत दुकानाच्या नावाचं चालू खातं काढा आणि कोड त्याचाच लावा. बोर्डाच्या खर्चाआधी हे करा.

मोठ्या कंपनीची फ्रँचायझी असेल तर तिच्या नावाखाली स्वतःच्या फर्मचं नावही ठसठशीत ठेवा, करारात बसेल तेवढं. ब्रिटनमधली थॉमस कुक ही सहल कंपनी २३ सप्टेंबर २०१९ ला बंद पडली. भारतातली त्याच नावाची कंपनी २०१२ पासून वेगळ्या मालकीची होती, तरी आपला संबंध नाही हे तिला लोकांना सांगावं लागलं. उसन्या नावाबरोबर त्याची बातमीही येते. रेल्वे तिकिटांचं तसंच आहे: आयआरसीटीसीचे अधिकृत एजंट असाल तरच तसं लिहा. परवान्याशिवाय तिकिटांचा धंदा करणं हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे.

साहित्य, उजेड आणि हिशेब

फ्लेक्स स्वस्त पडतो, पण साताऱ्याचा पाऊस आणि नंतरचं ऊन त्याला फार टिकू देत नाही. जमत असेल तर एसीपी शीटवर (अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेला तक्ता) अ‍ॅक्रिलिकची उठावदार अक्षरं आणि मागून एलईडी करा. नोकरदार माणूस संध्याकाळी सहानंतरच बाहेर पडतो, तेव्हा दिवे तोवर लागलेले हवेत. बोर्ड टांगण्याआधी नगरपालिकेत परवानगीचं विचारून घ्या.

काम सुरू करण्याआधी महिनाभर एक वही ठेवा. आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, "आमचं कसं कळलं?" ओळखीतून, मोबाइलवरून की रस्त्यावरून, एवढंच टिपा. बोर्ड लागल्यावर पुन्हा महिनाभर तेच करा, शक्यतो सुट्ट्यांचा हंगाम दोन्हीकडे सारखा येईल असं बघून. "रस्त्यावरून" या रकान्यात फरक पडला नाही तर नवा बोर्ड करायला धावू नका, आधी समोरच्या फुटपाथवर जाऊन काच परत एकदा बघा.