नैराश्याची प्रश्नावली गावात नेताना या चुका टाळा

जळगाव-धुळे-नंदुरबारकडे मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी किंवा आरोग्य शिबिरासाठी नैराश्य मोजायचं ठरलं की पीएचक्यू-९ ही प्रश्नावली निवडली जाते. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. मोफत आहे, पाच मिनिटांत भरून होते. इतकी सोपी असल्यामुळेच तिच्याबाबत हलगर्जी होते.

सगळ्यात घातक चूक निष्कर्ष लिहिताना होते: ‘१० च्या वर गुण, म्हणजे नैराश्य.’ २००१ च्या मूळ अभ्यासात १० या सीमेवर संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती सापडतात) आणि विशिष्टता (निरोगी माणसांपैकी किती बरोबर वगळले जातात) दोन्ही ८८ टक्के निघाल्या. आकडा भक्कम वाटतो, पण गावात मांडून बघा. समजा, १००० माणसांत खरे रुग्ण ५० आहेत. त्यांतले ४४ चाचणीत सापडतील. उरलेल्या निरोगी ९५० पैकी ११४ जणसुद्धा सीमा ओलांडतील. म्हणजे १५८ जणांची नावं आली, त्यांत खरे रुग्ण ४४. आणि अहवालात छापून येतं ‘गावात १६ टक्के लोक नैराश्यग्रस्त’, जिथे खरं प्रमाण ५ टक्के आहे! ‘इतक्या जणांना १० किंवा जास्त गुण मिळाले, निदानासाठी मुलाखत बाकी आहे’ असं लिहा. वाक्य लांबेल, पण खरं राहील.

दुसरी अडचण झोप आणि थकव्याच्या प्रश्नांची. रब्बीत शेतीपंपाची लाइट रात्री आली तर माणूस गव्हाला पाणी भरायला जाणारच. त्याची झोपमोड आजारात धरू नका. पण गुण बदलायचे नाहीत. शेजारी नोंद करा आणि बेरजेसोबत प्रत्येक प्रश्नाचे गुणही अहवालात द्या.

‘गेल्या दोन आठवड्यांत’ हे शब्द घाईत गाळले जातात आणि समोरचा वर्षभराचं दुःख सांगू लागतो. मागच्या दोन आठवडी बाजारांची आठवण दिली की काळ नेमका पकडता येतो. अहिराणी, लेवा बोली किंवा पावरीत ऐनवेळी प्रश्न फिरवून विचारणंही थांबवा. प्रत्येक विद्यार्थ्याने आपापला अर्थ सांगितला, तर सगळ्यांनी एकच गोष्ट मोजली असं म्हणता येत नाही. बोलीतला मजकूर आधी ठरवा, आठ-दहा जणांना विचारून काय समजलं ते पाहा, मग सगळ्यांनी तोच वाचा. आणि तो मजकूर प्रबंधाच्या परिशिष्टात जोडाच.

समुपदेशनाआधी आणि नंतर गुण मोजून ‘फरक पडला’ म्हणणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: १५ च्या वर गुण असलेलेच लोक निवडले, तर काहीही न करता पुढच्या वेळी त्यांची सरासरी थोडी उतरते. वाईट दिवसांत मोजलेली माणसं थोडी सावरतातच. तुलनेला दुसरा गट नसेल तर उपचाराला श्रेय देऊ नका.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. निनावी फॉर्म गोळा करून रात्री एक्सेलमध्ये भरताना तिथे ३ दिसला, तर त्या माणसापर्यंत पोहोचणार कसं? मला ही चूक अजिबात क्षम्य वाटत नाही. निदान सांकेतिक क्रमांक ठेवा, फॉर्म जागेवरच तपासा. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही असेल, तर त्याच दिवशी त्या व्यक्तीला बाजूला घेऊन बोला, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात कोणाकडे पाठवायचं हे शिबिराच्या आधीच ठरवून ठेवा.