सीझनच्या मधोमध नवी चासी, नवा गिअरबॉक्स: या चुका टाळा

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की रत्नागिरीच्या सड्यावर शेवाळ धरतं आणि आमच्या डर्ट रेसच्या मोटरसायकली शेडमध्ये येतात. सीझन अर्धा झालेला असतो, गाडी पळवता येत नाही, हात शिवशिवतात. दरवर्षी याच दिवसांत कोणीतरी पोरगा येतो. "दादा, गाडी मागे पडतेय. चासी नवी मारू, गिअरबॉक्स पण टाकून घेऊ. दसऱ्याला रेडी!" मी चहा सांगतो आणि विचारतो, जुनी चासी तशीच ठेवणार ना? तो म्हणतो, तिचाच तर हेडस्टॉक (हँडल जिच्यात फिरतं ती पुढची नळी) कापून घ्यायचाय.

दोन्ही एकदम बदलणं, आणि जुनी चासी कापणं

या दोन चुका जोडीनेच येतात. मी त्या केल्यात, म्हणून बोलतो.

काही वर्षांपूर्वी एका २०० सीसी सिंगल सिलिंडर गाडीला आम्ही पावसाळ्यात नवी चासी बांधली. हेडस्टॉक जुन्या चासीचा. दोन पैसे वाचले म्हणून खूश. त्याच सुमारास क्लोज रेशोचा (गिअरांमधलं अंतर कमी असलेला) गिअरसेट हातात आला, तोही भरला. पहिल्या हीटमधून रायडर आला आणि हेल्मेट काढायच्या आत म्हणाला, "दादा, कॉर्नरमधून निघताना मागचं चाक उड्या मारतंय."

चाक उड्या मारतंय म्हणजे चासी. झालं! शॉकअपची स्प्रिंग बदलली. मग स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश. मग शॉकअपचा वरचा माउंट कापून पुढे घेतला. प्रत्येक वेळी रायडर म्हणायचा, थोडं बरं वाटतंय. आता कळतं, त्याला आमची कीव यायची. अशा तीन रेस गेल्या.

एका पोराने रीलसाठी कॉर्नरच्या बाहेर उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. रात्री जेवताना तो लावला होता. माझं लक्ष ताटात होतं, म्हणून तो बघितला नाही, नुसता ऐकला. चाक उडायच्या आधी इंजिनचा आवाज क्षणभर मोकळा सुटत होता. तिसरा गिअर सुटून परत अडकत होता आणि तो हिसका चेनमधून मागच्या चाकाला बसत होता. केसिंग उघडलं तर तिसऱ्याच्या डॉगच्या (गिअर एकमेकांत अडकवणाऱ्या दातांच्या) कडा गोल झालेल्या, गिअर सरकवणाऱ्या शिफ्ट फोर्कचा एक पाय तापून निळा पडलेला. अर्ध्या मिलिमीटरचा शिम (पातळ चकती) उलट्या बाजूला बसला होता. बसवणारा मीच. डॉग पूर्ण खोल जातच नव्हते.

जुनी चासी अख्खी असती तर हे एका दुपारचं काम होतं. तेच इंजिन जुन्या चासीत टाकायचं. दोष इंजिनाबरोबर आला तर गिअरबॉक्स, नाही आला तर चासी. आमच्याकडे ताडून बघायला काहीच उरलं नव्हतं.

मोठ्या टीमसुद्धा यात सापडतात. मोटोजीपी रेसिंगमध्ये २०११ साली डुकाटीने त्यांचा रायडर रॉसीसाठी सीझनभर चासी बदलल्या. आरागॉनच्या रेसला ॲल्युमिनियमची नवी चासी आली, तिच्यासाठी वर्षाच्या कोट्याबाहेरचं सातवं इंजिन काढावं लागलं आणि त्याला पिट लेनमधून सुटावं लागलं. अख्ख्या वर्षात एक पोडियम, फ्रान्समधलं तिसरं स्थान. याउलट यामाहाने २०१३ मध्ये सीमलेस गिअरबॉक्स आणला तो भरपूर टेस्टिंग करून, सप्टेंबरात मिसानोच्या रेसला, हाताखालच्या ओळखीच्या गाडीतच. त्यांचा रायडर लोरेन्झो ती रेस जिंकला. सीमलेसमध्ये गिअर बदलताना ताकद तुटत नाही, त्यामुळे गाडी हलतही नाही. आमच्या तिसऱ्या गिअरची हीच गोष्ट उलट्या बाजूने. आणि २०१५ मध्ये होंडाच्या मार्केझने नवी गाडी जमत नाही म्हणून आसेनच्या रेसला आधीच्या वर्षाची चासी परत घेतली आणि दुसरा आला. होंडाला जुनी चासी काढायची लाज वाटली नाही, आपल्याला का वाटावी?

माझी सवय आता अशी: पहिल्या रेसला नवी चासी, जुना गिअरबॉक्स. ती नीट चालली की गिअरबॉक्स. आणि रायडर काहीही म्हणाला तरी आधी आवाज ऐकायचा. धक्क्याबरोबर आरपीएम उडाला तर गिअरबॉक्स किंवा क्लच. आवाज सरळ आणि चाक उडतंय, तर मग शॉकअप उघडा.

दुपारच्या वाऱ्यात वेल्डिंग

घाटावरच्या लोकांना हे पटत नाही. आपल्याकडे दुपारी खारा वारा सुटतो आणि टिग वेल्डिंगच्या टोकावरचा, वेल्डला हवेपासून झाकणारा आर्गॉन गॅस उडवून नेतो. वेल्ड वरून बरं दिसतं, आत सुईच्या टोकाएवढी भोकं. अशा वेळी नवशिका काय करतो? गॅस वाढवतो. त्याने उलट होतं. फार जोरात सोडलेला गॅस घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. मी मिनिटाला आठ-दहा लिटरच्या वर जात नाही. हेडस्टॉक आणि स्विंगआर्म पिव्हटचं वेल्डिंग भल्या पहाटे, वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधून. आमचा वेल्डर नऊच्या आधी उठत नाही, हा वेगळा प्रश्न.

रॉडने जोडणार असाल तर लो-हायड्रोजन रॉड पुडा फोडून आठवडाभर उघडा ठेवू नका. पावसाळ्यातल्या हवेत तो पापडासारखा सादळतो आणि त्यातल्या ओलाव्याने पुढे जोडाला तडा जातो.

आणि एकाच बाजूने सलग वेल्ड मारायचं नाही. आधी चारी बाजूंनी टाके, मग आळीपाळीने थोडं थोडं. वेल्ड थंड होताना ओढतं, हेडस्टॉक तिरका होतो. जिगमधून (चासी पकडून ठेवणाऱ्या साच्यातून) काढल्यावर दोन्ही चाकांना गवंड्याची लाइनदोरी लावून बघतो. लेझर आहे म्हणून दोरीला हसणारे माझ्याकडेच परत आलेत.

बाकीच्या, पटापट

इंजिनचा माउंट दोन मिलिमीटर चुकला म्हणून बोल्ट ठोकून बसवू नका. केसिंगवर ताण येतो, शाफ्टची लाइन जाते, आणि गिअरबॉक्सला शिव्या पडतात. जागा भरा, नाहीतर माउंट कापून परत लावा.

गिअर सुटतो म्हणून डॉग हातातल्या ग्राइंडरवर घासू नका. कडक थर वरवरचा असतो. तापून निळा पडला की गेला. डॉग एकमेकांना धरून ठेवावेत म्हणून कडेला द्यायचा दोन-तीन अंशांचा उतार, म्हणजे अंडरकट, मशीनवरच करून घ्यावा.

केसिंग बंद करायच्या आधी डॉगवर मार्कर फासून सगळे गिअर हाताने वर-खाली पन्नासदा टाका. शाई कुठे पुसली ते बघा. पन्नास म्हणजे पन्नास. पोरं बारावर थांबतात.

पुढचं स्प्रोकेट एका दाताने बदललं की मागचे तीन दात बदलल्यासारखं होतं: १५/४५ चं १४/४५ केलं तर जवळपास १५/४८. शिवाय चेनची ओढ बदलते, म्हणजे थ्रॉटल दिल्यावर मागचा भाग बसतो किती तेही बदलतं. गिअरबॉक्सचं काम समजून केलेला बदल चासीत निघतो.

पुढचे फोर्क टीमधून (फोर्क धरणाऱ्या क्लॅम्पमधून) १० मिलिमीटर वर सरकवले तर रेक (हेडस्टॉकचा तिरकेपणा) अर्ध्या अंशाच्या आसपास आणि ट्रेल (हेडस्टॉकची रेघ जमिनीला लागते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) अडीच-तीन मिलिमीटर कमी होते. म्हणून पाच-पाचने सरकवा आणि वहीत लिहा. मोबाइलमध्ये नको, तो पुढच्या वर्षी बदलतो.

नियमपुस्तिका आधी वाचा. काही गटांत चासीला हातच लावता येत नाही, आणि हे स्क्रुटिनीला (रेसआधीच्या तपासणीला) कळणारे दरवर्षी एक-दोन निघतातच.

नव्या चासीला पहिल्याच दिवशी काळं पावडर कोटिंग नको. मी साधा पांढरा रंग मारतो. तडा गेला की आपल्या खाऱ्या हवेत दोन दिवसांत तिथे तांबडी रेघ उमटते, शोधावी लागत नाही.

कामाचं वेळापत्रक गणपती धरून आखा. त्या दिवसांत लेथ बंद, टर्नर गावी, आणि कोल्हापूरहून यायचे गिअर आंबा घाटात दरड कोसळली की तिकडेच. दसऱ्याला रेडी म्हणणाऱ्यांना मी दिवाळी सांगतो.

आमची ती कापलेली चासी अजून माळ्यावर आहे. तिला दुसरा हेडस्टॉक लावायचाय. वेल्डर पहाटे यायला तयार झाला की लावतो.