‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या माणसांवर बोलताना या चुका टाळा

वाचनगटात जेन ऑस्टिनची ही कादंबरी घेतली की पहिली वीस मिनिटं ठरल्यासारखी जातात. श्रीमंत डार्सी गर्विष्ठ, नायिका एलिझाबेथ बेनेट बाणेदार, देखणा अधिकारी विकम लबाड, एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया उथळ. प्रत्येकावर शिक्का बसला की चर्चा थंडावते आणि लोक चहाकडे वळतात. मला याचं वाईट वाटतं, कारण १८१३ साली आलेली ही कादंबरी मुळात घाईनं मारलेल्या शिक्क्यांबद्दलच आहे.

मराठीत बोलताना पहिली अडचण एका शब्दापाशीच येते. ‘चारित्र्य’ म्हटलं की आपल्याकडे, विशेषतः बाईबद्दल बोलताना, अर्थ एकाच बाजूला झुकतो. मग सगळी चर्चा लिडियाच्या विकमबरोबर पळून जाण्यावर घसरते आणि तिचे वडील मिस्टर बेनेट, नात्यातला धर्मगुरू कॉलिन्स, खुद्द विकम अलगद निसटतात. म्हणून मी हा शब्द शक्यतो टाळते. सचोटी, स्वभाव, वागणूक, तत्त्व असे वेगवेगळे शब्द वापरले तर माणसंही वेगवेगळी दिसू लागतात. डार्सी शेवटी एलिझाबेथजवळ जी कबुली देतो ती याच फरकावर उभी आहे: लहानपणी मला तत्त्वं चांगली शिकवली, पण स्वभावाला मुरड घालायला कुणी शिकवलं नाही. त्याच्या बाबतीत ‘चारित्र्य चांगलं की वाईट’ असं विचारलं, तर हे वाक्य हातातून निसटतं.

एलिझाबेथच्या नजरेला पुरावा समजणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे. कादंबरी बरीचशी तिच्या नजरेतून चालते. ती हुशार आहे, आपल्याला आवडते, त्यामुळे तिला वाटलं ते खरं असं आपण धरून चालतो. ‘विकमनं सगळ्यांना फसवलं, ती तरी काय करणार?’ असं कुणी म्हणालं, की छत्तिसावं प्रकरण उघडा आणि मोठ्यानं वाचा.

हन्सफर्डला, म्हणजे कॉलिन्सच्या गावी, तिनं डार्सीच्या लग्नाच्या मागणीला नकार दिलाय, दुसऱ्या दिवशी त्यानं पत्र हातात ठेवलंय, आणि ती ते पुन्हा पुन्हा वाचतेय. पत्रात नवी माहिती आहेच. विकमनं धर्मगुरूची जागा नको म्हणून तिच्या बदल्यात ३,००० पौंड घेतले होते आणि पुढे डार्सीच्या १५ वर्षांच्या बहिणीला रॅम्सगेटहून पळवून नेण्याचा घाट घातला होता, हे तिला पत्रातूनच कळतं. पण तिला हलवतात त्या आधीपासून तिच्या डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टी. जेमतेम ओळख झालेल्या मुलीला हा माणूस आपली सगळी कर्मकहाणी सांगत बसला होता. डार्सीला मी टाळणार नाही म्हणाला आणि नेदरफील्डच्या, म्हणजे डार्सीच्या मित्राच्या घरच्या, नाचाला फिरकलाच नाही. थोरल्या डार्सींच्या आदरापोटी मुलाची बदनामी करणार नाही म्हणाला आणि नेदरफील्डची मंडळी लंडनला जाताच गावभर तीच कथा सांगत सुटला. हे तिनं ऐकलं होतं, पाहिलं होतं. तिला खटकलं नाही, कारण एकानं तिची वाखाणणी केली होती आणि दुसरा ‘बरी आहे, पण मला भुरळ पडावी इतकी सुंदर नाही’ म्हणाला होता. ती स्वतःच हे कारण शोधून काढते आणि म्हणते, या क्षणापर्यंत मी स्वतःला ओळखलंच नव्हतं.

म्हणून तिथं प्रश्न असा विचारावा: विकमचं खोटं तिला गोड का लागलं? गटातली एरवी गप्प बसणारी माणसंसुद्धा इथं बोलू लागतात, असा माझा अनुभव आहे.

पौंडांचा हिशोब न मांडता शार्लटला लोभी ठरवणं

एलिझाबेथची मैत्रीण शार्लट लुकस २७ वर्षांची. एलिझाबेथनं नाकारलेल्या कॉलिन्सला ती दोन-तीन दिवसांत होकार देते. ‘पैशासाठी लग्न केलं’ म्हणून विषय संपवण्याआधी आकडे मांडावेत. एलिझाबेथच्या वाट्याला आईच्या पश्चात १,००० पौंड यायचे होते, तेही ४ टक्क्यांनी गुंतवलेले. म्हणजे वर्षाला ४० पौंड. वडिलांची मिळकत वर्षाला २,००० पौंड, पण ती मुलींना मिळणार नव्हती. लाँगबोर्नची, म्हणजे बेनेटांची, जमीन वारसाच्या अटीमुळे पुरुष नातेवाइकाकडे, म्हणजे कॉलिन्सकडेच जायची होती. शार्लटच्या घरचेही तिला फारसं काही देऊ शकणार नव्हते.

एवढ्यानं शार्लट बरोबर ठरते असं मी म्हणत नाही. आपण ज्याचा आदर करत नाही त्याच्याशी आयुष्यभर संसार करणं ही ऑस्टिनच्या लेखी लहान गोष्ट नाही. पण पुढे विकम १०,००० पौंडांची वारस असलेल्या मिस किंगच्या मागे लागतो, तेव्हा शार्लटवर नाराज झालेली हीच एलिझाबेथ त्याला समजून घेते. शार्लटच्या वेळी तिला जितकं स्वच्छ दिसलं तितकं इथं दिसलं नाही, असं निवेदिका स्पष्ट सांगते. मैत्रिणीला एक माप आणि देखण्या तरुणाला दुसरं, हे चर्चेत आलंच पाहिजे.

लिडियाला झोडपून मोकळं होणं

लिडिया पळून जाते तेव्हा १६ वर्षांची आहे. रॅम्सगेटची जॉर्जियाना, म्हणजे डार्सीची बहीण, १५ वर्षांची होती. माणूस तोच, डावही तोच. जॉर्जियानानं पळायच्या एक-दोन दिवस आधी भावाला सांगून टाकलं आणि ती वाचली. तिच्याबद्दल आपण ‘बिचारी’ म्हणतो आणि लिडियाबद्दल ‘निर्लज्ज’. लिडियाला पश्चात्ताप होत नाही हे खरं. पण तिला अडवणारं होतं कोण? सैन्याची छावणी असलेल्या ब्रायटनला तिला पाठवू नका, असं एलिझाबेथनं वडिलांना कळवळून सांगितलं होतं. नाही पाठवलं तर घरात शांतता लाभणार नाही, म्हणून मिस्टर बेनेटांनी जाऊ दिलं.

मिस्टर बेनेट मला वाचायला फार आवडतात, म्हणूनच मुद्दाम सांगते: त्यांच्या विनोदावर हसताना त्याची किंमत कोण मोजतंय तेही पाहावं. बायकोचा पाणउतारा मुलींसमोर होतो, आणि ज्या मुलींना वळण लावायचं त्यांच्याकडे ते करमणूक म्हणून बघतात. याउलट डार्सीच्या पेम्बर्ली वाड्याची कारभारीण मिसेस रेनॉल्ड्स डार्सीला चार वर्षांचा असल्यापासून ओळखते आणि आयुष्यात कधी वाकडा शब्द ऐकला नाही म्हणते. आपल्या हाताखालच्या माणसांशी कोण कसं वागतं, हे या कादंबरीत नाचघरातल्या अदबीपेक्षा फार महत्त्वाचं आहे.

चर्चा अडलीच तर

‘त्या काळी तसंच होतं’ असं कुणी म्हणालं, तर त्याच काळातल्या, त्याच गावातल्या एलिझाबेथ आणि शार्लटनं एकाच कॉलिन्सला दोन उलटी उत्तरं दिली, याची आठवण द्या. कुणी एखाद्या पात्राचं वाक्य ऑस्टिनचं मत म्हणून फेकलं, तर ते कोण म्हणतंय ते आधी बघा. लिडिया पळाल्यावर, मुलगी मेली असती तर बरं झालं असतं, अशा अर्थाचं पत्रात लिहिणारा कॉलिन्स आहे. कुणी डार्सीच्या तळ्यातल्या उडीबद्दल बोललं, तर ती १९९५च्या बीबीसी मालिकेतली आहे, पुस्तकात नाही.

आणि सगळ्यांचं सगळ्यांशी पटू लागलं, तर चाळिसावं प्रकरण काढा. विकमचं खरं रूप कळल्यावर एलिझाबेथ आणि तिची थोरली बहीण जेन ते गावाला सांगायचं नाही असं ठरवतात. कारणं चांगली आहेत: जॉर्जियानाची अब्रू, माणसाला सुधारायची संधी. डार्सीही गप्प राहिला होता, आणि आपण अभिमानापोटी गप्प राहिलो असं तो पुढे मान्य करतो. त्या मौनानंतर काही महिन्यांतच लिडिया पळते. त्यांनी सांगायला हवं होतं का, यावर मी स्वतः दोनदा मत बदललंय.

एक व्यवहाराची गोष्ट. मूळ पुस्तक तीन खंडांत आलं होतं आणि काही आवृत्त्यांत प्रत्येक खंडाची प्रकरणं पुन्हा एकपासून मोजलेली असतात. तुमची प्रत तशी असेल तर छत्तिसावं प्रकरण म्हणजे दुसऱ्या खंडातलं तेरावं आणि चाळिसावं म्हणजे सतरावं.