‘क्रोनो ट्रिगर’ची कोणती आवृत्ती खेळावी?
स्क्वेअर कंपनीचा ‘क्रोनो ट्रिगर’ हा काळप्रवासाचा खेळ मार्च १९९५ मध्ये जपानमध्ये निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या गेमयंत्रावर आला आणि त्याच वर्षी उत्तर अमेरिकेत पोहोचला. युरोपला मात्र २००९ मधील निन्टेन्डो डीएस (दोन पडद्यांचे, हातात धरायचे गेमयंत्र) आवृत्तीपर्यंत थांबावे लागले. संगणकावर खेळायचे असल्यास स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावरची २०१८ ची आवृत्ती घ्यावी. तिच्यात सुरुवातीला चित्रे गुळगुळीत करून बिघडवली असल्याची रास्त तक्रार झाली होती, परंतु पुढील काही महिन्यांतल्या सुधारणांमुळे मूळ चित्रशैलीचा पर्याय मिळाला. म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन तो आधी निवडावा. जुना डीएस हाताशी असेल, तर माझ्या मते तीच आवृत्ती सर्वोत्तम आहे, कारण तीत नवा इंग्रजी अनुवाद व एक वाढीव शेवट आहे, शिवाय लढाईचे मेनू खालच्या पडद्यावर ठेवता येत असल्याने वरचे चित्र मोकळे राहते. १९९९ ची प्लेस्टेशन आवृत्ती ॲनिमेशनसाठी पाहण्याजोगी आहे, पण तीत डिस्क वाचली जाईपर्यंत वारंवार खोळंबा होतो. खेळ एकदा पूर्ण झाल्यावर ‘न्यू गेम प्लस’, म्हणजे तोच खेळ पुन्हा सुरुवातीपासून, अवश्य सुरू करावा. पात्रांची कमावलेली ताकद टिकून राहते आणि लाव्होस या मुख्य शत्रूला कथेच्या निरनिराळ्या टप्प्यांवर हरवल्यास निरनिराळे शेवट पाहायला मिळतात.