बागेचं नूतनीकरण: लोकांचं मत घेताना या चुका टाळा

आधी आराखडा आणि मग लोकांना बोलावणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. भिंतीवर रंगीत चित्र लावलेलं असतं, निधी मंजूर झालेला असतो आणि प्रश्न विचारला जातो, ‘बाक हिरवे हवेत की तपकिरी?’ ठरायचं ते ठरून गेलंय, हे लोकांना लगेच कळतं. मग ते फिरकत नाहीत, नाहीतर भांडायलाच येतात. लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. नुसतं मत विचारणं तिथे चौथ्या पायरीवर, म्हणजे देखाव्याच्या सहभागात मोडतं. आराखडा आधीच झाला असेल, तर काय पक्कं आहे आणि काय बदलू शकतं, हे सभेच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगा.

‘तुम्हाला काय हवं?’ हा प्रश्नही फसवा आहे. उत्तरात कारंजं आणि व्यायामाची उपकरणं हमखास येतात, कारण लोकांनी तेच दुसरीकडे पाहिलेलं असतं. त्यापेक्षा विचारा: किती वाजता येता? कुठे बसता? कुठल्या कोपऱ्यात जायचं टाळता? आणि हे बागेत चालता चालता विचारा. दुपारी चार वाजता एकाच बाकावर पाच जण दाटीवाटीने बसलेत आणि बाकीचे बाक उन्हात रिकामे आहेत, हे फॉर्ममध्ये कोणी लिहीत नाही. गवत तुडवून पडलेली वाट तर मला लेखी सूचनेहून खरी वाटते. फरशी तिच्यावरच घाला.

सभेला आलेले म्हणजे सगळी वस्ती नव्हे. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकातल्या पाहणीत दिसलं, की वयाच्या साधारण नवव्या वर्षानंतर मुली बागेत येईनाशा होतात. मोकळी जागा मुलगे व्यापतात. १९९९ मध्ये तिथल्या दोन बागा नव्याने आखल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, मोठ्या मैदानाचे भाग पाडले आणि मुली परतल्या. अशा मुली संध्याकाळच्या सभेत हात वर करून बोलणार नाहीत. त्यांच्याकडे आपणच जायला हवं, शाळेत किंवा घरी. रात्रपाळी करणारे, आजी-आजोबा, व्हीलचेअर वापरणारे यांचंही तसंच.

काही गोष्टी मतदानाला टाकूच नयेत. व्हीलचेअरच्या रॅम्पचा उतार एकास बारापेक्षा (एक फूट चढायला बारा फूट लांबी) तीव्र नको, मग बहुमत काहीही असो. झाडाच्या बुंध्याभोवती काँक्रीट नको, कारण बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीतच असतात आणि त्यांना हवा-पाणी लागतं.

चेंडू खेळणारी मुलं आणि शांतपणे फिरणारे यांचं जुंपलं, तर लगेच जाळी बांधू नका. आठवडाभर वेळा टिपा. पुष्कळदा दोघांच्या वेळा थोड्याच आदळतात आणि भांडण तेवढ्या तासाचंच असतं.

सूचना घेतल्या आणि पुढे काहीच कळवलं नाही, तर पुढच्या वेळी माणसं येणार नाहीत. फाटकापाशी कागद लावा: कुठली सूचना घेतली, कुठली नाही आणि का. झाडून काढणं, दिवे, नळ कोण बघणार, हेही त्याच कागदावर लिहा.