किराणा भरताना होणाऱ्या या चुका टाळा

वडिलांचा रक्तदाब वाढला तेव्हा आम्ही घरात पहिली गोष्ट केली ती म्हणजे भाजी-आमटीतलं मीठ निम्मं केलं. महिनाभर सगळ्यांनी अळणी खाल्लं, तरी आकडा काही हलेना. मग एकदा सामानाची यादी काढून बसलो. उडदाचे पापड, कैरीचं लोणचं, सूपची पाकिटं, फरसाण, खारी. मीठ आमटीत कमी होतं, बाकी सगळं पिशवीतून येतच होतं. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की पथ्य दुकानात सुरू होतं. संध्याकाळी सहाला भूक लागते आणि डब्यात खारी असते, तेव्हा माणूस खारीच खातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

पाकिटाची पुढची बाजू बघून वस्तू टोपलीत टाकणं

ही सगळ्यांत मोठी चूक. ब्राऊन ब्रेडचंच बघा. पुढे गव्हाच्या लोंब्या, खाली 'फायबर'. पाकीट उलटं करा आणि घटकपदार्थांची यादी वाचा. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, म्हणजे पहिला घटक सगळ्यांत जास्त. तिथे पहिलंच नाव 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' असेल तर तो मैदा आहे. पुढे कुठेतरी 'कॅरॅमल' हा वरून घातलेला रंग किंवा त्याचा १५० हा क्रमांक दिसला, तर तपकिरी रंग कोंड्याचाच आहे असं समजू नका. नाचणीच्या बिस्किटांचंही तसंच. ज्या घटकाचा पुढे गाजावाजा केलेला असतो, त्याची टक्केवारी मागे द्यावी लागते. तिथे नाचणी किती आणि मैदा-साखर किती ते बघा आणि मग ठरवा.

साखर वेगवेगळ्या नावांनी येते: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज. माल्टोडेक्स्ट्रिन गोड लागत नाही, पण शरीरात तेही झटपट ग्लुकोजच होतं. एका यादीत यातली तीन नावं दिसली तर तो पदार्थ मिठाईच्या रांगेतला समजावा, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

आकडे वाचणं, पण चुकीच्या रकान्यातले

पोषणाच्या तक्त्यात 'प्रति सर्व्हिंग'चा आकडा छोटा दिसतो, कारण ती सर्व्हिंग म्हणजे दोन बिस्किटं असतात. दोन बिस्किटांवर आपल्याकडे कोण थांबतं? १०० ग्रॅमचा रकाना बघा आणि आपण खरोखर किती खातो त्याचा हिशेब करा.

मिठासाठी सोडियम बघायचं आणि त्याला अडीचने गुणायचं. समजा नूडल्सच्या पाकिटावर १०० ग्रॅमला १२०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय आणि पाकीट ७० ग्रॅमचं आहे. म्हणजे ८४० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजेच २.१ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. एका पाकिटात त्यातलं चाळीस टक्के संपलं.

तेलाचा डबा सवयीने उचलणं

तेलावर 'कोलेस्टेरॉल फ्री' वाचून हायसं वाटतं, पण वनस्पतीच्या तेलात खाण्यात मोजावं इतकं कोलेस्टेरॉल मुळातच नसतं. खरा प्रश्न आहे तो किती तेल येतं हा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरींच्या नमुना ताटात दिवसाला माणशी २७ ग्रॅम तेल-तूप धरलेलं आहे. चौघांच्या घरात ५ लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी जवळजवळ ३८ ग्रॅम होतं, आणि त्यात बाहेरचा वडापाव व वरचं तूप धरलेलं नाही. डबा उघडला त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहा. आमच्याकडे एवढ्यानेच तळणाचे दिवस कमी झाले.

त्याच ताटात भाज्या आहेत माणशी ४०० ग्रॅम. चौघांसाठी दिवसाला अर्धा किलो भेंडी आणतो तेव्हा आपण कुठे आहोत ते यावरून कळतं.

नुसती अदलाबदल करून समाधान मानणं

साखरेऐवजी गूळ आणला म्हणजे चहा दोनदा गोड करायची मुभा मिळत नाही. मधुमेह असेल तर मुळीच नाही. सैंधव मिठातही सोडियम असतंच, शिवाय त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच ठेवा, फक्त कमी.

भुकेल्या पोटी, यादीशिवाय किंवा 'दोनवर एक फुकट' बघून खरेदी करू नये हे सगळ्यांना ठाऊक आहे. जास्तीचं पाकीट घरात आलं की संपतंच, एवढंच सांगते.

चांगलं आणलं, पण टिकलं नाही

बेत इथे मोडतात. उत्साहाने दोन किलो बाजरी एकदम दळून आणली, आठवडा-दहा दिवसांत पीठ कडू झालं, मुलांनी भाकरी बाजूला सारली आणि घर परत मैद्याच्या पावावर आलं. बाजरीत स्निग्धांश बराच असतो आणि दळल्यावर तो लवकर खवट होतो. दाणे भरून ठेवा आणि गिरणीतून एका वेळी किलोभरच दळून आणा.

पालेभाजी सडते म्हणून घेतच नाही, असंही होतं. मंडईतून एका वेळी दोनच जुड्या आणा, मेथी असेल तर त्याच रात्री निवडून, न धुता, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. चाकवत, अंबाडी दिसली की घ्याच, ती नेहमी मिळत नाही.

आणि सहा वाजताच्या भुकेसाठी यादीत फुटाणे, शेंगदाणे आणि राजगिऱ्याच्या लाह्या लिहा. फरसाणाचा डबा होता, त्याच फळीवर ठेवा, हाताशी. वडील पहिले आठ दिवस कुरकुरले. आता फुटाणे संपत आले की तेच आठवण करून देतात.